चाकाला लावलेलं तेल

हिंदुरावने फियाटची मागची सीट काढून ओट्यावर आणून ठेवली, तेव्हा माईला वाटलं, ऊन दाखवायला काढली असेल. ढेकूण झाले असतील. तिने आपली सीटवर चादर अंथरली, नातीला, पुतळीला, तिच्यावर निजवलं आणि पदराने वारा घालत बसली. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, सीट काही परत गाडीत गेली नाही. उलट तिच्या मागोमाग दारांच्या आतले पुठ्ठे आले, पायाखालचं रबर आलं, स्टेपनी आली.

"काय रे, गाडी सुटी सुटी करून विकतोस का काय?" माईने विचारलं.

"वजन कमी करतोय माई. शर्यतीत पळवायचीय."

"मग मानसं कुठं बसतील?"

"शर्यतीत माणसं नसतात. मी एकटा."

माईने पुतळीच्या गालावरची माशी हाकलली.

ती गाडी हिंदुरावच्या वडिलांची, बाळाजींची. बदलापूरच्या कात्रपात अजून इमारती कमी आणि भाताची खाचरं जास्त होती, तेव्हापासूनची. अडल्यानडल्या वेळी सगळी आळी त्या मागच्या सीटवर बसून कुठे ना कुठे गेली होती. अडलेल्या बाया उल्हासनगरच्या इस्पितळात, नवरे मुलीच्या मांडवात, एकदा तर कुणाची तरी व्यायला झालेली शेळीसुद्धा. हिंदुरावची बायको अंजनी लग्न होऊन आली ती त्याच सीटवर, एका अंगाला माई आणि दुसऱ्या अंगाला रुखवताची परात. पुतळीला दवाखान्यातून घरी आणलं तेही तिथेच, माईच्या मांडीवर. बाळाजी गेल्यावरही श्रावणातल्या एका सोमवारी हिंदुराव माईला त्या सीटवर बसवून अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यायचा. माई काचेतून बाहेर बघत बसायची, तोंडाने शिवशिव चाललेलं असायचं आणि डोळ्यांत जरा राणीसारखा थाट.

यंदाच्या श्रावणात ती रिक्षाने गेली. "फियाट उघडलीय" एवढंच हिंदुराव म्हणाला.

अंबरनाथला रस्त्याकडेला हिंदुरावचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पण हाताला गुण होता. लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता त्याला वेड लागलं होतं ते आपल्या गाडीचं. इंजिनचं हेड घासून घेतलं, कुठल्याशा भंगारातून दोन तोंडांचा कार्बोरेटर आणला, सायलेन्सर बदलला. फियाटचा आवाज असा झाला की आळीच्या टोकाला ती वळली की पुतळी झोपेतून दचकायची. दरवर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी अंबरनाथच्या बाहेरच्या मैदानावर गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. चुन्याच्या रेघा, टायर रचून केलेली वळणं आणि धुळीचा लोट. उल्हासनगर कॅम्पातली शेठ लोकांची पोरं नव्या कोऱ्या मारुत्या घेऊन यायची. मागच्या वर्षी हिंदुराव फियाट घेऊन गेला होता. त्यांच्यातला किशन, गाड्यांच्या सामानाचं दुकान असलेला, सगळ्यांसमोर म्हणाला होता, "अरे हिंदूभाऊ, टॅक्सी लाए हो? चलो, मीटर डाउन करो!"

ते हसणं हिंदुरावच्या कानात वर्षभर राहिलं होतं.

आता उरलं होतं ते शेवटचं काम. फ्लायव्हील.

"ते काय असतं?" अंजनीने एकदा जेवताना विचारलं होतं. अशा वेळी तो फार गोड समजावून सांगायचा. तिला तो तसा आवडायचा, तोंडातला घास तसाच ठेवून हातवारे करणारा.

"तुझं शिलाई मशीन आहे ना, पायाचं? त्याला खाली मोठं चाक असतं. जड का असतं ते? पाय थांबला तरी चाक आपल्या वजनाने फिरत राहतं, म्हणून सुई मधेच अडकत नाही. तसंच इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक असतं. ते इंजिनला सांभाळून घेतं."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे टॅक्सीला. शर्यतीत ते गळ्यातलं ओझं. वजन असलेलं चाक वेग घ्यायला वेळ लावतं. तेच हलकं केलं की नुसता पाय लावायचा अवकाश, इंजिन असं..." त्याने चुटकी वाजवली. पुतळीने ती चुटकी पकडायला हात पुढे केला आणि दोघंही हसले.

अंजनी उल्हासनगरात एका जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होती. पँटला कमरेची पट्टी शिवायचं काम, जाड कापडाच्या चार घड्यांतून सुई न मोडता न्यायचं. तिचा हात सरळ चालतो म्हणून मास्टर नव्या पोरींना तिच्या शेजारी बसवायचा. घरी ती पुतळीची आई, हिंदुरावची बायको, माईची सून. तिथे मात्र ती अंजनी होती. पण हे सगळं उभं होतं ते माईवर. सकाळी डबा घेऊन अंजनी निघायची, तेव्हा पुतळी माईच्या कडेवरून हात हलवायची, रडायची नाही. माई नसती तर अंजनीला उंबरा ओलांडता आला नसता, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. कारखान्यातल्या बाया सासवांच्या कागाळ्या सांगायला लागल्या की ती आपलं कापड पुढे सरकवत राहायची.

फ्लायव्हील खाली निघालं आणि बुवापाड्यातल्या बुधाजीच्या लेथवर कातायला गेलं. बुधाजी हिंदुरावच्या वडिलांच्या ओळखीतला, वयाने मोठा, बोलायला थोडका.

"किती काढू?" त्याने विचारलं.

"निघेल तेवढं. मागच्या बाजूने, कडेकडेने."

"एकदा काढलं की परत चिकटवता येत नाही, बरं का. आणि दुसरं ऐक. हे चाक आता तुला सांभाळून घेणार नाही. क्लच पहिल्यासारखा सोडलास तर इंजिन जागच्या जागी मरेल. आधी मोकळ्यावर चालवून हात बसव, मग शर्यतीत घाल."

"बुधाजीभाऊ, मी काय आज गाडी शिकतोय?"

बुधाजीने मशीन चालू केलं. काळ्या चाकातून राखाडी कीस झडायला लागला.

चाकाच्या कडेला दातेरी कडं असतं, स्टार्टर त्यालाच धरून इंजिन फिरवतो. ते कडं लेथवर चढवण्याआधी काढून ठेवलं होतं. आता ते परत बसवायचं तर चांगलं तापवून, फुगवून, गरम असतानाच चाकावर सोडावं लागतं. गॅसकटरने तापवलं की एकीकडे लाल होतं, एकीकडे गार राहतं. म्हणून हिंदुराव ते घरी घेऊन आला. मागल्या दारी माईची आंघोळीच्या पाण्याची चूल होती. माईने बाभळीचे निखारे केले, ते कडं त्यांत पुरलं आणि भाकरी भाजावी तसं चिमट्याने फिरवत राहिली.

"झालं का रे?"

"अजून थोडं. हां, आता! आता दे!"

माईने आणि हिंदुरावने दोन चिमट्यांनी ते उचललं आणि चाकावर सोडलं. टक्क आवाज झाला आणि ते असं बसलं, जसं तिथेच जन्मलं होतं. हिंदुरावने माईच्या पाठीत थाप मारली. "माई, तुला गॅरेजमध्ये ठेवतो उद्यापासून!"

माई लाजली. तोंडावरची राख पुसताना तिने ती आणखी पसरवली. अंजनी दारात पुतळीला घेऊन उभी होती. पुढे तिला कितीदा तरी वाटायचं, ते घर जसंच्या तसं त्या दुपारी थांबलं असतं तर.

दोनच दिवसांनी खंडेनवमी आली. बाळाजी होते तेव्हापासून या घरात रीत होती: त्या दिवशी हत्यारं पुजायची, दसऱ्याला माईने पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. देवघरासमोर माईने पाट मांडला. पाने, स्क्रूड्रायव्हर, जॅक, बाळाजींचा जुना हातोडा. आणि सगळ्यांच्या मधे नवं हलकं केलेलं चाक. लेथवरून आलेलं ते चाक चांदीसारखं चमकत होतं. माहेरी माई लहानपणापासून हेच बघत आली होती, कोयता न् नांगराचा फाळ तेल लावून पुजायचा, गंज धरत नाही, हत्यार शांत राहतं. तिने वाटीत गोडेतेल घेतलं, बोटांनी चाकाला सगळीकडून लावलं, वर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हिंदुराव आंघोळ करून आला, त्याने वाकून नमस्कार केला. चाकाला तेल लागलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दसऱ्याला पूजा हलली आणि तो लगेच चाक घेऊन बसला. "हे पुसायला पाहिजे. क्लचची प्लेट याच्यावरच घासते. तेल राहिलं तर घसरेल."

"द्या, मी पुसते," अंजनी म्हणाली. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिने कारखान्यातून आणलेल्या जीन्सच्या चिंध्या घेतल्या, वाटीत पेट्रोल घेतलं आणि ओट्यावर बसून ते चाक पुसलं. चिंध्या पिवळ्या झाल्या, मग पांढुरक्या, मग निळ्याच्या निळ्या राहू लागल्या. भोकाभोकांतून काडीला चिंधी गुंडाळून फिरवली. हिंदुरावने त्या गुळगुळीत तोंडावरून अंगठा ओढला. चर्र वाजलं.

"वा," तो म्हणाला. "ताटाहून लख्ख."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत गाडी जोडून झाली. मोकळ्यावर हात बसवायला वेळ उरला नव्हता. हिंदुरावने गाडी नुसती जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन चुटकीसरशी किंचाळलं, तो चुटकीसरशी हसला आणि त्याला वाटलं, झालं.

रविवारी सगळे गेले. माईला मैदान बघायचं होतं. ती इरकल नेसली होती, हातात नारळ होता. अंजनी पुतळीला कडेवर घेऊन दोरीच्या अलीकडे उभी होती. गाड्या जोडीजोडीने सोडत होते. हिंदुरावच्या शेजारी आला तो किशनच, लाल मारुतीत.

"टॅक्सी फिर आ गई!" कुणीतरी ओरडलं.

हिंदुरावने नुसता पाय लावला आणि फियाट अशी गर्जली की ते ओरडणं तिथेच विरलं. किशननेसुद्धा मान वळवून बघितलं. अंजनीच्या अंगावर काटा आला. माईने नारळ छातीशी धरला.

झेंडा पडला. मारुती धूळ उडवत निघाली. फियाटने एक हिसका दिला, बेडकासारखी पुढे उडी मारली आणि इंजिन गपकन गेलं.

एवढ्या आवाजानंतर ती शांतता फार मोठी वाटली. स्टार्टर फिरला. इंजिन पेटलं, पुन्हा हिसका, पुन्हा गप्प. दोरीभोवतीची माणसं हसायला लागली. "धक्का मारो रे, धक्का!" पुन्हा एकदा केलं तेव्हा कुठे ती सुटली, पण तोवर लाल मारुती अर्ध्या वळणांच्या पलीकडे होती. त्यानंतर फियाट जी पळाली ती खरंच पळाली. पण ते बघायला कुणाचं लक्षच नव्हतं.

गाडी थांबवून हिंदुराव उतरला, तेव्हा त्याच्याभोवती घोळका जमला. बुधाजी होता, गॅरेजवाले होते, किशन होता.

"क्या हुआ उस्ताद? सो गई?"

हिंदुरावचा चेहरा धुळीने भरला होता. नुसते डोळे दिसत होते. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा दोरीकडे, आणि म्हणाला, "क्लचला तेल लागलं होतं. आमच्या माईने फ्लायव्हीलची पूजा केली ना. तेल चोपडून."

क्षणभर कुणाला कळेना. मग किशन हसला. "फ्लायव्हील को तेल-मालिश? अरे, नहला भी देते उसको!" आणि सगळेच हसले. पण आता ते हसणं हिंदुरावला सोडून दुसऱ्या कुणाकडे तरी गेलं होतं. हिंदुरावही हसला.

माई घोळक्याच्या मागेच उभी होती. नारळ हातातच होता.

घरी आल्यावर अंजनी म्हणाली, "अहो, मी पुसलं होतं की. तुम्हीच बघितलं अंगठा लावून."

"पुसलं म्हणजे गेलं का? लोखंड तेल पितं. तापलं की सोडतं."

लोखंड तेल पितं की काय, तिला काय माहीत. कदाचित भोकांत राहिलं असेल. कदाचित आपणच नीट पुसलं नसेल. चिंध्या तिने मोरीतून काढून पुन्हा पाहिल्या, पण चिंध्यांत काय दिसणार.

ती गोष्ट गॅरेजवर फिरली, तिथून आळीत आली. हिंदुराव ती चांगली रंगवून सांगायला शिकला. "आमची माई म्हणजे..." अशी सुरुवात करायचा. गिऱ्हाइकं हसायची. मनाने तो दुष्ट नव्हता. रात्रीचं माईचं औषध तोच आणायचा. फक्त ती गोष्ट त्याला आता सोडवत नव्हती, कारण ती सोडली तर खाली दुसरी गोष्ट निघाली असती.

माईने फक्त हिंदुरावच्या वस्तूंना हात लावणं बंद केलं. त्याचा डबा अंजनीने भरायचा, कपडे अंजनीने वाळत घालायचे. ताट वाढतानाही माई ते अंजनीकडे सरकवायची. "तूच दे बाय. माझा हात लागला की बिघडतं त्याचं."

"असं काय बोलतेस माई?" तो चिडायचा.

"मी कुठं काय बोलले? तूच बोललास, चार मानसांत."

मग तिच्या माहेराहून, बारवी धरणाच्या अंगाच्या गावाहून, तिच्या भावाचा, भगवंताचा निरोप आला की भातकापणीला माणसं मिळत नाहीत. माईने गाठोडं बांधलं.

"परत कधी?" अंजनीने विचारलं. कारखान्यात तिने सांगून ठेवलं होतं, दोनच दिवसांची रजा.

"बघू," माई म्हणाली.

हिंदुराव म्हणाला, "मी सोडतो गाडीने." ते म्हणताना त्याचा आवाज जरा मऊ झाला होता. अंजनीला वाटलं, वाटेत बोलेल. दोघंच बोलायला हवेत तर पुतळीला खिडकीतून काहीतरी दाखवत आपण ऐकू न आल्यासारखं करू.

पुढे अंजनी आणि पुतळी बसल्या, माईनेच तसं सांगितलं. मागे सीट नव्हती. उघड्या पत्र्यावर गोधडीची घडी घालून माई मांडी घालून बसली, गाठोडं पोटाशी धरून. खड्डा आला की तिच्या तोंडून नकळत "आई गं" निघायचं आणि हिंदुराव आरशात बघायचा.

बदलापूरचं रेल्वेफाटक बंद होतं. आगगाडी गेली, फाटक उघडलं. फाटकाला उंचवटा होता, पुढे विटांचा ट्रक आणि एक बैलगाडी, मुंगीच्या पावलाने चढत होती. हिंदुरावने क्लच जरा जरा सोडत गाडी चढवायला घेतली. फियाटने हिसका दिला, बेडकासारखी उडी मारली, आणि इंजिन गपकन गेलं.

तीच शांतता. अंजनीने ती लगेच ओळखली. अंगावर गार पाणी पडावं तसं तिला कळलं. त्या दिवशीही इंजिन गप्प झालं होतं. क्लच घसरला असता तर गाडी जागेवर उभी राहिली असती आणि इंजिन रिकामंच किंचाळलं असतं, जसं मशीनचा पट्टा सैल झाला की चाक गरगर फिरतं आणि सुई हलत नाही. मैदानात काहीच किंचाळलं नव्हतं. पट्टा सैल नव्हता. चाकातच दम नव्हता.

मागून हॉर्न वाजायला लागले. हिंदुरावने स्टार्टर मारला. हिसका. गप्प.

"हिंदू," मागून माईचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "आता कुनाचं तेल लागलं रे?"

हिंदुरावने किल्ली फिरवली. तेवढंच त्याने केलं. मानेवरची शीर फुगलेली अंजनीला दिसत होती. एक शब्द, तिने मनात म्हटलं. नुसतं "माई" म्हणा. पुढचं नका म्हणू.

त्याने पुन्हा किल्ली फिरवली.

दाराचा पुठ्ठा काढलेला होता, आतली कडीही उरली नव्हती. माईने चाचपून ती उघडी तार ओढली, दार उघडलं, आणि गाठोडं घेऊन उतरली. रूळ ओलांडून चालायला लागली. अंजनी पुतळीला घेऊन मागे धावली.

"माई, अहो माई, थांबा ना! त्यांना नाही बोलता येत असं काही. त्यांचा स्वभावच..."

"येतं की. मैदानात किती छान बोलला."

"मला कळलंय माई आता. तेलाने नव्हतं झालं."

"त्यालाबी कळलंय." माई थांबली. तिने पुतळीचं नाक पदराने पुसलं, टोपडं सारखं केलं. "लोक हसले त्याचं मला काय नाय बाय. म्हातारी मानसं हसन्यासाठीच असतात. पन त्याने अंगठा लावून बघितला होता. बघूनसवरून त्याने मला पुढं केलं." तिने अंजनीच्या गालाला हात लावला. "तुझं नुकसान होईल. ते मला दिसतंय गं. पन मी काय करू?"

आणि ती गेली. पुतळी आधी हात हलवत राहिली, रोजच्यासारखी. माई मागे वळेना तेव्हा मग रडायला लागली.

त्या परतल्या तोवर हिंदुरावने गाडी ढकलून सपाटीवर घेतली होती. सपाटीवर ती पहिल्या किल्लीला सुरू झाली.

अंजनीने शेजारणीकडे पुतळीला ठेवून पाहिलं. पुतळी जेवेना, ताप आला. दोनाचे आठ दिवस झाले, मग मास्टरने तिच्या मशीनवर दुसरी मुलगी बसवली. तिचा हात सरळ चालत नाही, पण येते तरी रोज, असं तो म्हणाला. आता कारखान्यातून पँटांचे गठ्ठे घरी येतात, लोंबणारे धागे कापून द्यायचे असतात. कात्री घेऊन ती दारात बसते, पुतळी धाग्यांत खेळते. अंजनी सणावाराला बारवीच्या अंगाला जाऊन माईला भेटून येते. माई नातीला मांडीवर घेते, अंजनीला खाऊपिऊ घालते, शेतातली वांगी बांधून देते. हिंदुरावचं नाव तिच्या तोंडी येत नाही.

हिंदुरावने पुढे मोकळ्यावर जाऊन गाडीवर हात बसवला. रोज पहाटे जायचा. दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी फियाट अशी सुटली की किशनची मारुती धुळीत दिसेनाशी झाली. पितळी कप मिळाला.

संध्याकाळी सगळे ओट्यावर जमले. बुधाजी आला, गॅरेजवाले आले, किशन तर पेढे घेऊन आला, आता दोस्ती झाली होती. बसायला फियाटची ती मागची सीट होतीच, भिंतीला टेकवलेली. अंजनी आत चहा गाळत होती.

"या वेळी कशी सुटली बघितलंत?" बाहेर हिंदुराव सांगत होता. "तेल नव्हतं ना! मागच्या वेळी आमच्या माईने..." आणि मग त्याने मांडीवरच्या पुतळीला विचारलं, "सांग बघू, आजीने चाकाला काय लावलं होतं?"

"तेऽऽल!" पुतळी म्हणाली.

ओटा हसण्याने भरून गेला. पुतळी टाळ्या वाजवायला लागली. हे तिला कधी शिकवलं, अंजनीला माहीतच नव्हतं.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. प्रत्येकाच्या हातात कप दिला. बुधाजीला कप देताना ती थांबली. "बुधाजीभाऊ, एक विचारते. क्लचला तेल लागलं तर काय होतं हो?"

बुधाजीने कप धरला. "इंजिन ओरडतं. गाडी जागची हलत नाही."

"इंजिन बंद पडतं का?"

बुधाजीने बशीत बघितलं. "नाही."

हिंदुरावने पुतळीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

किशनने पेढा तोंडात टाकला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "अरे भाभी, वो तो उसी दिन सबको पता था," तो म्हणाला.

"कळलं होतं वहिनी," बुधाजी हळूच म्हणाला. "मैदानात कान असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. पण गड्याची लाज होती. म्हटलं, जाऊ दे."

अंजनीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे कपात बघत होते. त्या दिवशी नारळ घेऊन उभी राहिलेली म्हातारी यांच्यातल्या प्रत्येकाने पाहिली होती. किशन सोडला तर यांच्यातला प्रत्येकजण तिच्या हातचं या ओट्यावर जेवला होता.

"चहा गार होतोय," हिंदुराव म्हणाला.

कुणी कप तोंडाला लावला नाही. पुतळीने सगळ्यांकडे पाहिलं. मघाशी तेल म्हटल्यावर केवढी मजा आली होती.

"आजीने तेऽऽल लावलं," ती पुन्हा म्हणाली, आणि हसण्याची वाट बघत राहिली.